राठोडांचं धुराचं कपाट

मटणाच्या दुकानासमोर उभं राहून "काटा बाजूला ठेव" म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो आमच्या शेजारी राहत होता.

मी स्वतः शाकाहारी. तरीही हा संवाद मला तोंडपाठ आहे, कारण राठोड त्यांच्या मोपेडवर मला मागे बसवून कळमनुरीच्या बाजारात नेत. मला ग्रंथालयापाशी सोडायचं असे, पण ग्रंथालयाच्या आधी खाटकाचं दुकान लागे. मी रस्त्याच्या पलीकडे, पाठ फिरवून उभा राही. पाठ फिरवली तरी कान उघडेच असतात.

"किती देऊ, फौजी?"

"हाताला येईल तेवढं."

"म्हणजे किलो का अर्धा?"

"किलोचं नाव काढू नको. नजरेनं दे. तुझी नजर हाय ना चांगली?"

खाटकाला पहिले काही महिने आनंद झाला. असं गिऱ्हाईक देवानं रोज पाठवावं, असं तो म्हणत असे. मग हळूहळू तो उतरला. एकदा मला ग्रंथालयाच्या पायरीवर गाठून म्हणाला, "सर, तुमी सांगा ना त्यांना. तोलून दिलं की मन मोकळं राहतं. ह्यांना दिलं की घरी जाऊन बी तेच डोक्यात फिरतं. कमी पडलं असंल तर पाप, जास्त गेलं असंल तर नुकसान. लई तकलीफ हाय." शेवटी तो पापाला इतका घाबरला, की राठोडांना सगळ्यांपेक्षा जास्त मटण मिळू लागलं.

मासळीचं सोपं होतं. इसापूरच्या धरणाचा मासा बाजारात गोणपाटावर वाट्यानं विकायला येई. सारखे ढीग घालून ठेवलेले. एक ढीग म्हणजे एक वाटा. राठोड त्या ढिगांपुढे चवड्यांवर बसत आणि मासेवाल्या बाईला म्हणत, "बाई, वाटे बराबर घातलेस. हात चांगला हाय तुझा." देवळात मूर्तीकडे पाहावं तसे ते त्या ढिगांकडे पाहत.

बाकी जगातली प्रत्येक गोष्ट मात्र हा माणूस मोजून घेई. खिशात कायम टेप. खुर्ची विकत घेताना बैठक मोजायची, बादली घेताना तोंड मोजायचं. आमच्याकडे चहाला आले आणि नवा स्टूल दिसला, की चहाच्या आधी स्टूल उलटा. फक्त मांसमच्छीला काटा लावायचा नाही. हे काय गौडबंगाल आहे ते मला बऱ्याच वर्षांनी कळलं. राठोड जाऊन आता दुसरी होळी येईल. मी सावकाश लिहितो आहे. माझं सगळंच सावकाश असतं, असं आमची ही म्हणते.

मेरसिंग राठोड फौजेत ड्रायव्हर होते, हवालदार होऊन निवृत्त झाले. मूळ बंजारा तांड्यावरचे, कळमनुरीपासून जीपनं थोड्या अंतरावर. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला परतल्यावर वर्षभरातच त्यांनी तांड्यावरचं घर सोडून आमच्या नोकरदारांच्या कॉलनीत, आमच्या भिंतीला भिंत लावून घर बांधलं. पत्नी ते नोकरीत असतानाच वारलेली. मूलबाळ नाही. एकटा माणूस आणि मागे ऐसपैस परसू. ते परसू कशासाठी ठेवलं आहे, हे पहिल्याच भेटीत कळलं.

"सर, धुराची पेटी बसवायची हाय."

"कसली?"

"मांस धुरवायची. मासा बी. तिकडं डोंगरात आमची गाडी चालायची, ईशान्येकडं. तिथं घराघरात चुलीवर मांस टांगलेलं असतं. धुरानं काळं होतं. पण वर्षभर टिकतं, सर. वर्षभर!" 'वर्षभर' म्हणताना त्यांनी माझा दंड धरला होता. "तिथली पद्धत इथं चालणार न्हाई. हवा येगळी. नीट पाहून, निवडून घ्यावी लागंल. घाई न्हाई करायची."

त्यांनी खरोखरच घाई केली नाही. त्यांचं निवडणं चालू असताना परभणीतून हिंगोली वेगळी निघाली, तिचा जिल्हा झाला, कलेक्टर आले, कचेऱ्या आल्या. जिल्हा झाला, पण राठोडांची पेटी झाली नव्हती.

त्यांची दोन वाक्यं ठरलेली. एक, "टिकलं पाहिजे." दुसरं, "धूर पाहिजे, जाळ न्हाई." जाळ लागला की मांस शिजतं, आणि शिजलेलं उद्या नासतं, मंद धूर मिळाला तर ते मुरतं आणि टिकतं. एवढंच त्यांचं शास्त्र. पण ते त्यांनी माणसांनाही लावलं. आमचे हेडमास्तर "नुसता जाळ". शेजारचे बँकेतले कॅशियर "ओलं लाकूड, धूर बी कडू". माझ्याविषयी एकदा म्हणाले, "सर, तुमी धूर हाय." मी ते कौतुक समजून घेतलं. हिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरोबर बोलले. डोळ्यांत पाणी येतं."

पेटीच्या निवडीत मी कसा ओढला गेलो, तर इंग्रजीमुळे. राठोडांच्या एका जुन्या साहेबानं परदेशातलं एक रंगीत माहितीपत्रक पाठवलं. घरगुती धुराच्या पेट्या, लहान, मोठ्या, चाकांच्या, विजेच्या. ते मराठीत सांगायचं काम शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्याकडे आलं. मी शब्दकोश घेऊन बसे आणि वाचून दाखवी, "मासा आदल्या दिवशी मिठाच्या पाण्यात निजवावा." राठोड डोळे मिटून ऐकत. आत स्वयंपाकघरात हिचा लाटणं आपटल्याचा आवाज येई. मांसाला हातही न लावता मासा धुरवण्याच्या शास्त्रात मी तालुक्यातला पहिला जाणकार झालो.

चित्रात एक गोरा माणूस एप्रन बांधून पेटीशेजारी हसत उभा होता. भोवती बायको, मुलं, कुत्रा. राठोड त्या चित्राकडे फार वेळ पाहत बसले.

"एवढी मोठी पेटी, अन् कप्पा एकच."

"जाळ्या दोन-तीन आहेत की."

"जाळ्या न्हाई, कप्पा. दोन पाहिजेत. येगळे. एकातलं दुसऱ्यात जायला नको."

"अहो, तुम्ही तर एकटे."

"म्हणून तर," ते म्हणाले आणि पान उलटलं.

लाकडाचा प्रश्न कॉलनीच्या ओट्यावर गेला. माहितीपत्रकात कुठलंसं अमेरिकेतलं अक्रोडाच्या जातीचं झाड सांगितलं होतं. हेडमास्तरांनी कडुलिंबाची शिफारस केली, आरोग्याच्या दृष्टीनं. कॅशियरनी चंदन सुचवलं, दुसऱ्याच्या खर्चानं. आमच्या कॉलनीची एक गोष्ट इथं सांगितली पाहिजे. तिथं मांसाहार कुणीच करत नसे. फक्त रविवारी दुपारी सगळ्या घरांतून उदबत्तीचा वास जरा जास्त येई. ओट्यावर बसलेले सगळे "आम्हाला यातलं काही कळत नाही" अशी सुरुवात करत, आणि मग कुठल्या माशाला काटे किती, मरळ कशी साफ करावी, यावर दिवेलागणीपर्यंत बोलत.

राठोडांनी हेडमास्तरांचा मान राखून कडुलिंब करून पाहिला. मासा इतका कडू झाला, की मांजरानं तोंड लावलं आणि ते दोन घरं ओलांडून कायमचं राहायला गेलं. शेवटी बाभूळ ठरली.

लाकूड ठरलं, आता पेटी. पहिली उमेदवार त्यांची फौजेतली काळी ट्रंक. तिचा रंग तापून सुटला आणि माशाला नव्या दाराचा वास आला. मग नांदेडच्या भंगारातून एक बंद पडलेला फ्रिज आणला. दार घट्ट, कप्पे आयते, राठोड खूष. खाली निखारे ठेवल्यावर आतलं प्लास्टिक वितळून माशांवर ओघळलं. फ्रिजमध्ये ठेवून मासे जाळून घेणारा माणूस जगात दुसरा नसेल. राठोडांनी मोडलेल्या फ्रिजकडे पाहून शांतपणे निकाल दिला, "जाळ झाला."

तिसरा उमेदवार एक लोखंडी पिंप. बाजूला चूल, चुलीपासून पिंपापर्यंत नळी. नळीतून येताना धूर गार होतो, हे मीच माहितीपत्रकातून वाचून सांगितलं होतं, म्हणून पुढच्या प्रकाराचा थोडा दोष परदेशाकडे जातो. पिंप, नळी, धूर आणि शेजारी तांड्यावरचा माणूस. एवढं कुणीतरी लांबून पाहिलं आणि ठाण्याला कळवलं. सायकलवरून एक पोलीस हवालदार आले. मी भिंतीवरून पाहत होतो.

"काय गाळून राहिले?"

"काही न्हाई. धूर करून राहिलो."

"धूर कोण करतं मुद्दाम?"

"मी करतो. बसा ना. मी बी हवालदारच हाय, फौजेतला."

पोलिसांनी झाकण उघडलं. आत रोहूचे तुकडे तारेला टांगलेले. त्यांनी नळीच्या तोंडाला नाक लावून दीर्घ श्वास घेतला, आणि माझ्या नजरेसमोर त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी निराशा पसरली. "मोहाचा वास न्हाई," ते म्हणाले.

"तांड्याचा वास आला असंल," राठोड म्हणाले.

हवालदार सायकल घेऊन गेले. जाताना एक तुकडा कागदात बांधून घेऊन गेले, तपासासाठी. कॅशियरसाहेबांच्या घरी दर शनिवारी बाटली येत असे, पण तिला नळी नव्हती, त्यामुळे तिची कधी तक्रार झाली नाही. राठोडांनी पिंप उलटं करून ठेवलं. त्यावर ते पुढे तुळशीची रोपं लावत आणि हिला देत.

पिंप गेलं त्याला दुसरंही कारण होतं. त्याच दिवसांत आमच्या गच्चीवर हिच्या कुरडया वाळत होत्या. दिवसभर बाभळीचा आणि रोहूचा धूर त्यांच्यावरून गेला. आम्हाला पत्ता नाही. नंतर हिची थोरली बहीण आली. ती कांदालसूण खात नाही आणि न खाण्याबद्दल बोलते मात्र भरपूर. तिला तळलेल्या कुरडया वाढल्या. एक खाल्ली, दुसरी खाल्ली, मग ताटच पुढे केलं. "वत्सले, यांत घातलंस तरी काय गं? अशी चव मी कधी खाल्ली नाही!"

हिनं एक कुरडई तोडून नाकाशी नेली. मग माझ्याकडे पाहिलं. मी पानातल्या वरणाकडे पाहत राहिलो.

"जिरे," ही म्हणाली.

बहीण डबा भरून कुरडया घेऊन गेली. पुढच्या वर्षी तिचं पत्र आलं, त्याच जिऱ्याच्या पाठव म्हणून. राठोडांना हे कळलं तेव्हा ते हसले नाहीत. हात जोडून भिंतीशी आले. "वहिनी, माफी करा. धूर तुमच्याकडं यायला नको होता." त्यानंतर पाच-सहा दिवस ते परसात हातात एक दोरा धरून उभे असत, वारा सकाळी कुठून येतो, दुपारी कुठून, हे पाहत. पुढची पेटी येईल तिचं तोंड तेव्हाच ठरलं.

ती पेटी वसमतला सापडली. हळदीच्या बाजारापलीकडे लोखंडी कपाटांचं एक दुकान होतं. लग्नात मुलीला द्यायची कपाटं तिथं रांगेनं उभी. राठोड मला बरोबर घेऊन गेले. प्रत्येक कपाटात डोकं घालून बोटांनी टिचक्या मारत होते. दुकानदारानं आदरानं विचारलं, "लग्न कुणाचं?"

"कुणाचंच न्हाई."

"मग?"

"मासे ठेवायचेत."

दुकानदार माझ्याकडे पाहू लागला. मी बाहेर हळदीची पोती पाहू लागलो. पण धंद्यातला माणूस, सावरला. "आरसा लावू का दाराला?"

"मासे काय आरशात पाहणार हायत? आरसा काढा. रंग बी नको, आतबाहेर कोरा पत्रा ठेवा. खालून एक मोठं भोक, वरून दोन."

"साहेब, लोक भोक नसलेलं कपाट मागतात."

"त्यांना साड्या ठेवायच्या असतात."

"बरं. मग आतली तिजोरी काढून टाकतो. मासे असले तर तिजोरी कशाला?"

"न्हाई न्हाई!" राठोड एकदम पुढे झाले. त्यांचा आवाज इतका चढलेला मी त्याआधी ऐकला नव्हता. "तिजोरी पाहिजे. तिच्यासाठीच घेऊन राहिलो. तिला बी भोकं पाडा, पण बारीक. अन् कुलूप चांगलं बसवा."

दागिन्यांसाठी कपाटाच्या पोटात जो लहानसा कुलपाचा कप्पा असतो, त्याला सुईएवढी भोकं पाडायला सांगणारं गिऱ्हाईक त्या दुकानदारानं घरी जाऊन बायकोला नक्कीच सांगितलं असणार.

टेम्पोतून कपाट आलं आणि कॉलनीत एकच बातमी: राठोड लग्न करताहेत. संध्याकाळी हेडमास्तरांच्या पत्नी आमच्याकडे आल्या. "वत्सलाबाई, या वयात म्हणे! मुलगी कुठली?"

"इसापूरची," ही म्हणाली. "धरणाजवळची."

कपाट आल्यानंतरच्या होळीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी राठोड तांड्यावरून परतले. मोपेडच्या कॅरियरला दोन पत्रावळी बांधलेल्या, वरून फडकं. तांड्यावर त्या दिवशी बोकड पडतो आणि घरटी एक वाटा मिळतो, एवढं मला माहीत होतं. एक पत्रावळ त्यांनी कपाटाच्या मोठ्या भागात रिकामी केली, तुकडे तारेला टांगले. दुसरीतलं मांस मात्र मीठहळद लावून, एकेक तुकडा पुसून तिजोरीत ठेवलं. कुलूप लावलं. मग चुलीत बाभळीचं सालपट सरकवून खाली बसले.

"दोन वाटे कसे?" मी भिंतीवरून विचारलं.

वरच्या भोकांतून धुराची बारीक रेघ निघाली, आमच्या उलट दिशेला. ती नीट चालू झाल्यावर राठोड म्हणाले, "एक थावराचा."

थावरा त्यांचा धाकटा भाऊ. मला इतक्या वर्षांत त्याचं नावही ठाऊक नव्हतं.

"मी फौजेत होतो तवा आईबाप त्यानंच पाहिले, सर. माझी बायको गेली तवा बी तोच होता. मी तार भेटल्यावर आलो, सगळं झाल्यावर. तांड्यात बोकडाचे वाटे थावराच घालायचा. काटा न्हाई, वजन न्हाई, नुसती नजर. वाटे रांगेत मांडायचा. मग तांड्याचे नाईक एकेक नाव पुकारायचे, ज्याचं नाव त्यानं पुढचा वाटा उचलायचा. वाटे घालणारा सगळ्यात मागून, उरलेला घेतो. अशी रीत."

चुलीत जरा जाळ उठला. त्यांनी त्यावर राख टाकली.

"मी कायमचा परतलो ती पहिली होळी. फौजेतून आलेला माणूस. हुकाला लावून तोलायचा नवा काटा आणला होता. म्हणलं, तांड्याला पद्धत लावू. नावं पुकारायच्या आधी मी सगळे वाटे तोलले. कुणी कधी तोलले नव्हते. लोक पाहतच राहिले. एक वाटा जड निघाला, अन् शेवटचा हलका. शेवटचा वाटा त्याचाच असतो, हे रागात ध्यानात आलं न्हाई; मी सगळ्यांसमोर म्हणालो, थावरा, तू चोरी केली."

"मग?"

"मग नाईकानं नावं पुकारली. जड वाटा माझ्या नावावर आला. त्यानं माझी जागा धरून मांडला होता. भाऊ घरी आला म्हणून." राठोड धुराकडे पाहत होते. "अन् हलका त्याचा. त्यानं सोताच्या वाट्यातून काढून माझ्यात घातलं होतं."

थावरा वाटा जागेवर ठेवून उठला. त्या साली ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेला, तो बायकालेकरांसह तिकडेच राहिला. राठोड त्याला शोधत कारखान्याकारखान्यानं फिरले होते. प्रत्येक ठिकाणी कळे, टोळी पुढं गेली.

"नाव पुकारल्यावर कुणी हूं म्हणलं न्हाई, तर पुढल्या होळीला ते नाव घेत न्हाईत, सर. मग त्या माणसाचा वाटा निघत न्हाई. तो तांड्याचा राहत न्हाई. म्हणून मी हूं म्हणतो. पण घेतलेला वाटा टिकला बी पाहिजे ना? तो कधी येईल काय ठाऊक. दिवाळीला येईल, आखाडात येईल. आला तर काय सांगू, तुझा वाटा नासला म्हणून फेकला?"

"आणि वर्षभरात नाही आला तर?"

"नवा येतो. जुना होळीत टाकायचा. मी कसा खाऊ? माझा थोडाच हाय."

त्यानंतर धुराच्या पेट्यांवर आम्ही पुन्हा कधी विनोद केला नाही. म्हणजे मी केला नाही. ते करत. दरवर्षी तिजोरीला कुलूप लावताना म्हणत, "सर, लोकांच्या तिजोरीत सोनं नासत न्हाई म्हणून ठेवतात. आमची तिजोरी बघा."

अशा सहा-सात होळ्या गेल्या. थावरा आला नाही. कपाट काळंभोर झालं. बाभळीचा वास त्याच्या पत्र्यात कायमचा शिरला.

मग एका हिवाळ्यात राठोडांना दम लागू लागला. नांदेडच्या दवाखान्यात नेण्याआधी जीप दारात उभी असताना ते भिंतीशी आले. मफलर, स्वेटर, खिशात टेप. त्यांनी भिंतीवरून मुठीतली किल्ली माझ्या हातात दिली.

"तिजोरीची हाय. तुमच्याकडं ठेवा."

"माझ्याकडे? तांड्यावर कुणाकडे दिली तर—"

"तांड्यावर समदे खाणारे हायत, सर. कुणाचं मन कधी फिरंल सांगता येत न्हाई. तुमी खात न्हाई. तुमच्याइतका भरोशाचा माणूस मी कुठून आणू?"

मी हसलो. तेही हसले, मग त्यांना खोकला आला. आतून ही पाण्याचा तांब्या घेऊन आली. ते म्हणाले, "वहिनी, कुरडया करताना वारा पाहून घाला. मी न्हाई पाहायला."

ते परत आले नाहीत. संक्रांत झाल्यावर गेले. तांड्यावरचे लोक आले, सगळं रीतीनं केलं. घर पुढं एका दूरच्या नातेवाइकानं विकायला काढलं. कपाट कुणालाच नको होतं. त्याच्या वासानं घराला गिऱ्हाईक येईना, तेव्हा मी चार माणसं लावून ते भिंतीच्या अलीकडे, आमच्या परसात आणवलं. मला वाटलं होतं, ही काहीतरी बोलेल.

"तुळशीपासून लांब ठेवा," एवढंच ती म्हणाली. मग थोड्या वेळानं बाहेर येऊन, "आणि तोंड तिकडे करा. त्यांनी ठरवलं होतं तसं."

होळीच्या दुसऱ्या दिवशी मी तिजोरी उघडली. पहिल्यांदाच. आत काळे, वाळलेले, लाकडासारखे कडक तुकडे होते. नासलेलं काही नव्हतं. ते फडक्यात बांधून मी जीपनं तांड्यावर गेलो. होळीचे निखारे अजून धगधगत होते. मी फडकं सोडून तुकडे त्यांत टाकले. कुणी विचारलं नाही. दोन म्हाताऱ्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि सरकून सावलीत जागा दिली.

वाटे मांडून झाले होते. आता एक तरणा माणूस वाटे घाली. नाईक उभे राहून नावं पुकारू लागले. नाव आलं की माणूस "हूं" म्हणे आणि पुढं होई. मेरसिंगचं नाव आलं नाही; त्यांच्यामागे कुणी नव्हतं. नाईक तिथं क्षणभर थांबले आणि पुढं गेले.

"थावरा राठोड."

कुणी बोललं नाही. एक वाटा पत्रावळीवर तसाच होता. नाईकांनी मान वर केली आणि पुन्हा पुकारलं. तिसऱ्यांदा ते पुकारणार नव्हते, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं.

मी आयुष्यभर शाळेत हजेरी घेतली. दुसऱ्याच्या नावाला ओ देणाऱ्या पोरांना बाकावर उभं केलं. त्यांना मी सांगत असे, की जो आलेला नाही त्याला आलेला म्हणणं हे खोटं बोलणं आहे.

"हजर," मी म्हणालो.

सगळे वळले. 'हूं' म्हणायचं होतं. माझ्या तोंडात आयुष्यभराचा शब्द आला. नाईकांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या पांढऱ्या सदऱ्याकडे पाहिलं. मग वाटे घालणाऱ्याला मानेनं खूण केली. त्यानं पत्रावळ उचलून माझ्या दोन्ही हातांवर ठेवली. मांस मी पहिल्यांदाच हातात घेत होतो. मला वाटलं होतं तेवढं ते जड नव्हतं. किती होतं, ते मी पाहिलं नाही.

घरी येऊन मीठहळद लावली. माहितीपत्रकाची गरज नव्हती, सगळं पाठ होतं. तिजोरीत तुकडे ठेवले, कुलूप लावलं, किल्ली जानव्याला बांधली. मग चुलीशी बसून बाभळीचं सालपट पेटवलं. ते धुमसेना म्हणून फुंकर मारत राहिलो. एकाएकी भपकन ज्वाळा उठली.

गच्चीवर ही कुरडया घालत होती. कठड्यावरून वाकून तिनं खाली पाहिलं.

"अहो, जाळ नको," ती म्हणाली. "धूर पाहिजे."